उलटी ठेवलेली सहाण

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. माझ्या वयाच्या वस्तू तुमच्याशी फार गोड बोलतात. आम्ही झिजलो, आम्ही राबलो, आता आम्हाला विसरू नका, असं म्हणतात आणि डोळे पुसतात. मला ते जमत नाही. मी एका माणसाचा सूड घेतला आहे. तो का घेतला आणि त्यात माझं काय चुकलं, एवढंच मला सांगायचं आहे.

सध्या मी महाळुंगे पडवळला बयाबाईच्या ओट्यावर उलटी पडलेली असते. माझं तोंड जमिनीकडे आणि पाठ आभाळाकडे. ज्यांना ठाऊक नाही ते मला सरळ करायला जातात आणि घरातलं कुणीतरी आतून ओरडतं, "हात लावू नगा तिला." असं का, ते ऐका.

माझा दगड काळा, बारीक पोताचा. एका पाथरवटाने टाकीने ठोकून ठोकून मला गोल केलं आणि वाळू घालून आठ दिवस घासलं. ओझरच्या गणपतीच्या जत्रेत त्याने मला पोत्यावर मांडलं, तेव्हा मी मनात म्हटलं की आपण आता देवाच्या कामाला जाणार. कुणीतरी आपल्यावर चंदन उगाळणार. पण मला विकत घेतलं महाळुंग्याच्या हौशीरामने, आपल्या बायकोसाठी. घरी नेल्यावर त्या बायकोने, म्हणजे बयाबाईने, पहिल्याच दिवशी माझ्यावर एक कडू जहर साल उगाळली. चंदनाची स्वप्नं तिथेच संपली. मी महिनाभर रुसले होते.

मग मला कळलं की माझ्यावर काय होतं. बयाबाई कातडीच्या दुखण्यावर झाडपाल्याचं औषध देत असे. इसब, गजकर्ण, खाजून खाजून लाल झालेली मान, गुडघ्यामागे फुटलेली कातडी. दर रविवारी सकाळी ओट्यावर माणसं बसलेली असत. ती प्रत्येकाची जागा उजेडात नेऊन बघायची, बोटाने दाबायची, कधीपासून आहे, काय खाल्लं, घाम आला की वाढतं का, असं विचारायची. काहींना ती औषध देतच नसे. "ह्ये माझं न्हाई. पू झालाय, ताप हाय. मंचरला डॉक्टरला दाखव," असं सरळ सांगायची. उरलेल्यांसाठी ती मला पुढे ओढायची. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून माझ्या मधोमध एक खळगा पडला, बयाबाईच्या अंगठ्याएवढा. तो खळगा मी कुणालाही अभिमानाने दाखवला असता.

तिची एक रीत होती. झाडाची मुळी किंवा साल काढायची असली की ती आदल्या दिवशी, शनिवारी दिवस मावळायला त्या झाडाकडे जायची. चार तांदूळ आणि एक सुपारी बुंध्याशी ठेवायची आणि आवतण द्यायची, "उद्या येते गं बाई, माझ्यासंगं चल." रविवारी उजाडता जाऊन घेऊन यायची. औषधाबद्दल ती काही घेत नसे. फार आग्रह झाला तर नारळ, तोही देवापुढे ठेवायला. आणि दुसरी रीत अशी की पाल्याचं नाव फोडायचं नाही. कशाची मुळी, कशाचं बी, हे कुणाला सांगितलं तर हातचा गुण जातो, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. त्यामुळे माझ्यावर काय उगाळलं जातं, ते दोघींनाच माहीत होतं. एक ती आणि एक मी.

मित्रांनो, ही दुसरी रीत लक्षात ठेवा. सगळा घात तिनेच केला.

भरत हा बयाबाईच्या धाकट्या दिराचा मुलगा. पुण्यात एका औषधाच्या दुकानात तो चार वर्षं कामाला होता. नव्याण्णव साली परत आला आणि रविवारी ओट्याच्या टोकाला येऊन बसू लागला. तो औषध बघत नव्हता. माणसं बघत होता.

एक दिवस तो म्हणाला, "काकू, कळंबला हायवेला दुकान टाकतोय. पहिल्या दिवशी पूजेला तुझी सहाण ठेवायची हाय. चार दिवसांत आणून देतो."

"ने की," बयाबाई म्हणाली. "तुझ्या आज्जीपासनं चालत आलेलं काम हाय ह्ये. पूजा झाली की माघारी आण."

तिने मला धुऊन, पुसून, स्वतःच्या हाताने त्याच्या पिशवीत ठेवलं. मला त्या पिशवीतला अंधार अजून आठवतो.

कळंबच्या दुकानावर मोठी पाटी लागली होती, 'बयाबाईंचा वनौषधी लेप'. पाटीवर तिचा फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, डोक्यावर पदर घेतलेला. मला काचेच्या पेटीत लाल कपड्यावर बसवलं. हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. चार दिवस गेले, चाळीस गेले. माझ्यावर कुणी काही उगाळलं नाही. देव्हाऱ्यात बसवून एखाद्याचे हात बांधता येतात, हे मला तिथे कळलं.

दुकानामागे भरतची राहती खोली होती आणि मध्ये एक पडदा. पडदा वाऱ्याने हलला की मला आतलं दिसे. तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असल्या कडक मलमाच्या ट्यूब पिळायचा, त्यात वॅसलीन आणि हळद कालवायचा आणि पिवळ्या झाकणाच्या डब्यांत भरायचा. एक पान नाही, एक साल नाही. मग बाहेर येऊन काचेवर बोट ठेवून गिऱ्हाइकाला सांगायचा, "ह्याच सहाणीवर उगाळलंय. काकूच्या हातचं हाय."

मी दगड नसते तर त्याच क्षणी त्याच्या पायावर पडले असते. पाया पडायला नाही. अंगठा फोडायला.

त्या डब्यांनी गुण आला, हे मला कबूल केलं पाहिजे. दोन दिवसांत खाज थांबायची. माणसं डब्या घेऊन नाचत जायची. बयाबाईचं औषध महिनाभर लावावं लागे, वर पथ्य पाळावं लागे, कधी गुण यायचा आणि कधी नाही. महाळुंग्याचा ओटा रिकामा पडत गेला. वर्षभराने मात्र तीच माणसं कळंबला परत येऊ लागली. लेप बंद केला की दुखणं दुप्पट उठत होतं. ज्यांनी तोंडाला लावला त्यांची कातडी पातळ झाली होती, आतल्या लाल शिरा वरून दिसत होत्या. आणि शिव्या कुणाला? पाटीवर फोटो होता तिला.

मंचरच्या कापडवाल्या पारसमलांची बायको कस्तुरबाई अशीच आपल्या नातीला घेऊन आली. नातीचं नाव रिद्धी, वय तेरा. मुलगी ओढणीने तोंड झाकून उभी होती. त्याच दिवशी, बहुधा दोन वर्षं वाट बघून, बयाबाई मला मागायला दुकानात आली होती. सगळं समोरासमोर आलं.

कस्तुरबाईने नातीची ओढणी बाजूला केली. "बयाबाई, बघा. शाळेत जात नाही पोरगी. तुमच्या औषधाने झालं हे."

बयाबाईने मुलीचा गाल उजेडाकडे वळवला. मग डबी उघडून वास घेतला. "ह्ये माझं औषध न्हाई."

"फोटो तुमचा आहे. सहाण तुमची आहे."

"सहाण माझी हाय. औषध माझं न्हाई."

भरत गल्ल्यामागून अगदी शांतपणे म्हणाला, "काकू, मग तुझं कंचं? सांग ना समद्यांम्होरं. काय काय घालती तू त्यात?"

दुकानात सात-आठ माणसं होती. सगळी तिच्याकडे बघू लागली. तिने तोंड उघडलं. ती नावं मला पाठ होती, माझ्या खळग्यात मुरलेली होती. मी मनातून ओरडत होते की सांग, एकदा सांगून टाक. तिने तोंड मिटलं. सासूला दिलेला शब्द होता आणि हातचा गुण जाण्याचं भय होतं. भरतला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने विचारलं.

"म्हणजे तुमचंच आहे," कस्तुरबाई म्हणाली. "देव बघून घेईल."

बयाबाई काचेपाशी आली. तिने काचेवरून, जिथे माझा खळगा होता तिथे, अंगठा ठेवला. "माझी सहाण दे, भरत."

"दुकानाची हाय ती आता," भरत म्हणाला.

ती निघून गेली. पायरी उतरताना तिने पदर इतका पुढे ओढला होता की रस्त्यावरच्या लोकांना पाटीवरची बाई आणि ही बाई एकच आहे हे कळू नये. त्या दिवशी मी ठरवलं. कसं, ते ठरवायला मला हात नव्हते, पाय नव्हते, जीभ नव्हती. पण दगडाला एक गोष्ट छान जमते, वाट बघणं.

पुढच्या उन्हाळ्यात, दोन हजार दोन साली, भरतनेच मला हत्यार दिलं. नुसता दगड बघून लोकांना पटत नाही, असं त्याला वाटू लागलं. मग त्याने बाजारातून मूठभर काहीबाही आणून माझ्यावर गोलाकार मांडलं. एक-दोन मुळ्या, हळकुंडं, आणि शोभेला काळेभोर चकचकीत बिब्बे. बयाबाईने चाळीस वर्षांत बिब्बा कधी माझ्याजवळ येऊ दिला नव्हता. भेगांना बिब्ब्याचं तेल लावायचं असलं तर ती वेगळी फुटकी कौलाची खापरी वापरायची आणि खापरी लगेच पुरायची. बिब्ब्याचं तेल उघड्या अंगाला लागलं की उततं. पुरळ येतं, फोड येतात, आग होते. तुमच्या घरातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा.

एका दुपारी भरतने डब्यांचं जड खोकं पेटीत ठेवायला म्हणून उचललं आणि दाणकन माझ्यावरच टेकवलं. खाली तीन बिब्बे फुटले. त्याने खोकं हलवलं, कागदाने टरफलं झटकली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तो निघून गेला. बिब्ब्याचं काळं तेल माझ्या खळग्यात उतरलं. काळ्या दगडावर काळं तेल त्याला दिसलं नाही. मला मात्र ते जाणवत होतं. मी ते प्यायले. एकेका छिद्रातून, सावकाश, सगळं प्यायले.

मी चकचकीत दिसावं म्हणून रोज सकाळी भरत मला तळहाताने खोबरेल चोळायचा. दुसऱ्या सकाळी तो आला. मला बोलता येत असतं तरी मी बोलले नसते, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. त्याने चोळलं. बोटं खळग्यात घालून चोळलं. मग मानेवरचा घाम त्याच हाताने पुसला. मला इतका आनंद ओझरच्या जत्रेतसुद्धा झाला नव्हता.

आणि मग पडद्यामागून त्याची मुलगी श्रेया आली. सहा वर्षांची होती, शाळेत निघाली होती. त्याने नेहमीसारखं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गाल कुरवाळले आणि म्हणाला, "नीट जा गं."

मित्रांनो, इथे माझा सूड माझ्या हातातून गेला. मी विचार फक्त भरतचा केला होता. तो हात दिवसभरात आणखी कुठे कुठे लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारपर्यंत भरतच्या तळव्यांवर आणि मानेवर फोड उठले होते. त्याने स्वतःला आपलाच लेप भरभरून लावला. पण श्रेयाचे दोन्ही गाल सुजून लाल झाले होते, एक डोळा अर्धा मिटला होता आणि ती पडद्यामागे सारखी कण्हत होती. त्याच वेळी दुकानात कस्तुरबाई आली, रिद्धीला घेऊन. लेप थांबवला की तोंड पेटतं, म्हणून तिला नाइलाजाने पुन्हा डबी हवी होती. भरत ती काढत असतानाच त्याची बायको इंद्रायणी श्रेयाला कडेवर घेऊन बाहेर आली. तिने मांडणीवरची एक डबी उचलली, झाकण काढलं आणि लेप बोटावर घेतला.

भरतने झडप घालून डबी हिसकावली. "तिला नको लावू त्ये."

"का नको?" इंद्रायणी म्हणाली.

त्याने डबी पाठीमागे धरली. कस्तुरबाई त्याच्याकडे बघत राहिली. डबीसाठी पुढे केलेला तिचा हात तसाच होता.

"माझ्या नातीच्या तोंडाला लावायला दिलंस तू हे," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "एक डबी संपली की दुसरी दिलीस. आणि तुझ्या पोरीला नको?"

इंद्रायणीने पेटी उघडली. खालच्या लाल कपड्यासकट मला उचललं आणि कपड्यात गुंडाळलं. "काकूंकडं चला," ती नवऱ्याला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता." कस्तुरबाईची जीप बाहेर उभी होती. सगळे तिच्यात बसले. भरत मागच्या बाजूला, हात मांडीवर उघडे टाकून.

बयाबाई ओट्यावर एकटीच बसली होती. तिने आधी श्रेयाला बघितलं. मग भरतचे तळवे बघितले. मग इंद्रायणीने माझ्यावरचा कपडा सोडला, तशी तिने मला हात न लावता नुसतं वाकून हुंगलं.

"हिच्यावर बिब्बा कुणी ठिवला?"

भरतने मान खाली घातली.

"पोरीच्या डोळ्याला सूज हाय. इथनं सरळ मंचरला डॉक्टरकडं न्यायचं," बयाबाई म्हणाली. "तवर आग निवायला मी लावून देते. पर तू त्या डब्यांत काय घालतो त्ये आदी सांग."

"काकू, पोरीला त्ये लावलंच न्हाई."

"त्या पोरीला लावलंय," बयाबाईने रिद्धीकडे बोट केलं. "डॉक्टरला काय सांगायचं तिनं? नाव सांग."

भरतने ट्यूबचं नाव सांगितलं. कस्तुरबाईने त्याला ते तीनदा म्हणायला लावलं, पाठ होईपर्यंत. मग बयाबाई रिद्धीला म्हणाली, "एकदम बंद करू नगं, बाय. ह्ये नाव डॉक्टरला सांग, त्येंच्या इचारानं सोड."

यानंतर तिने दोन काठ्यांनी ढकलून मला उलटं केलं. चाळीस वर्षं जमिनीला टेकलेली माझी पाठ तिने राखेने घासली, पाण्याने धुतली. कोरी होती ती, पाथरवटाने घडवली तशी. त्यावर पाणी घालून तिने बिब्ब्याला उतारा म्हणून एक बेहडा उगाळायला घेतला. ज्या माणसाला मी जाळायला निघाले होते, त्याच्याच लेकरासाठी मला झिजायचं होतं. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण श्रेया समोरच बसली होती, तोंडाला हात न लावता, शहाण्यासारखी. मी झिजले. त्या दिवशी जितकी झिजले तितकी कधीच झिजले नव्हते.

बयाबाईने डोळा वाचवून श्रेयाच्या गालांना लेप लावला. मग हात धुतले आणि ती ओट्याच्या मधोमध उभी राहिली. जीप बघून आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या.

"आता माझ्या औषधाची नावं ऐका," ती म्हणाली.

भरत उठून उभा राहिला. "काकू, नको. नाव फोडू नको. तुझ्या हातचा गुण जाईल."

"गुण माझा जाईल. तुझं काय जाईल, त्ये मला ठावं हाय."

आणि तिने नावं घेतली. टाकळ्याचं बी, ताकात भिजवलेलं. कडुनिंबाची आतली साल. मंजिष्ठा. उपळसरीची मुळी. आंबेहळद. वरून करंजाचं तेल. प्रत्येक नावाला ती क्षणभर थांबत होती, जणू अंगावरचा एकेक दागिना उतरवून ठेवत होती. "ह्येच्यात पिवळी डबी न्हाई," ती शेवटी म्हणाली. "आन ह्येनं न भागलं तर डॉक्टर. एवढंच माझं औषध." कस्तुरबाई खाली वाकून तिच्या पाया पडली. बयाबाईने तिला उठवलं नाही, थोडा वेळ तशीच राहू दिली. मला वाटतं, तेवढा सूड तिलाही हवा होता.

आठवड्यात श्रेयाचे गाल निवले. रिद्धीला बरं व्हायला वर्ष लागलं, मंचरच्या डॉक्टरांच्या औषधाने. भरतचं दुकान त्या महिन्यातच बंद पडलं, कारण नावं पंचक्रोशीत पोचली होती आणि बांधावरचा टाकळा कुणीही खुडू शकत होतं. तो चाकणला कंपनीत लागला. बयाबाईचा गुण गेला की नाही, हे मी सांगू शकत नाही. लोकच कमी येऊ लागले, आणि जे येत ते बसून गप्पा मारत. ती गेली तेव्हा तिच्या अंगठ्याच्या टोकाला, जिथे ती मुळी धरायची, तिथला पिवळा डाग तसाच होता.

भरत अजून दिवाळीला येतो. त्याच्या तळव्यांवर पांढरे चट्टे राहिले आहेत. ओट्यावरून जाताना तो हात खिशात घालतो आणि माझ्याकडे बघत नाही. मला ते फार आवडतं. श्रेया मात्र माझ्या पाठीवर बसते. तिच्या डाव्या गालावर एक फिकट डाग आहे.

मित्रांनो, तुमच्या अंगाला कुणीही काही लावायला आलं, पाला असो की मलम, घरचा असो की दुकानातला, तर आधी त्याचं नाव विचारा. नाव न सांगणाऱ्याचा हात अंगाला लागू देऊ नका. आणि माझ्यासारख्या जुन्या सहाणीला काचेत बसवून पुजू नका, कामाला लावा. माझ्या खालच्या तोंडात ते काळं तेल अजून मुरलेलं आहे. उद्या कुणी पुन्हा एखाद्या बाईचा फोटो लावून पिवळ्या डब्या विकायला बसला, तर मला फक्त सरळ करा आणि त्याच्या दुकानात नेऊन ठेवा. पुढचं मी बघते. मात्र त्या घरात लहान मूल नाही ना, एवढं आधी बघून या.